खुंट्यापाशी उभं राहायचं होतं

माझे वडील गणपत आयुष्यभर उभे राहिले. हे मी कौतुकानं सांगत नाही. पाय सुजेपर्यंत उभे राहिले, एवढंच म्हणते आहे.

जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात ते वाफेच्या घणावर होते. भट्टीतून लालबुंद लोखंड चिमट्यानं काढायचं, घणाखाली धरायचं, घण पडला की फिरवायचं. दुसरं महायुद्ध पेटलं तशी पाळी लांबत लांबत बारा तासांची झाली. घरी आले की आई, म्हणजे नर्मदा, घमेल्यात मिठाचं गरम पाणी पुढे ठेवायची. पाय पाण्यात असेपर्यंतच काय ते त्यांच्याशी बोलून घ्यायचं. नंतर ते बसल्या जागी झोपत.

आम्ही वाशीमकडचे धनगर. धनगर मेंढरांमागे फिरतो असं लोक सर्रास लिहितात. त्यांनी कधी मेंढरं नीट पाहिलेली नसतात. बाबा पुढे चालायचे. काठी आडवी खांद्यावर, तोंडानं एक लांब हाळी, आणि मेंढरं मागून येणार. वळून पाहायचं नाही. वळून पाहिलं की मेंढरू थबकतं, असं त्यांच्याकडे मानत. कुत्रं असायचं ते लांडग्यासाठी. पुढे रोगानं कळपच्या कळप गेला आणि चिंतामणीमामानं त्यांना कारखान्यात चिकटवून दिलं.

रविवारी पाय दुखत असतानाही बाबा चालत सदर भागात जायचे. तिथं छावणीच्या मागं फौजेच्या रसदीची मेंढरं ठेवलेली असत. बाबा कुंपणाला टेकून बघत राहायचे. रसदीचा मेजर पार्किन यानं विलायतेहून मेंढरं वळणाऱ्या कोली जातीची एक काळी-पांढरी कुत्री आणली होती, नाव मेग. बाबा तिला मैना म्हणू लागले आणि ती त्या नावालाही येऊ लागली. एक दिवस मेजर घोड्यावरून पडला, पाय प्लास्टरमध्ये गेला. युद्धनिधीसाठी सदरच्या मैदानावर कोली कुत्र्यांची शर्यत ठरलेली होती. मेजर बाबांना म्हणाला, तू मेगला उतरव. जिंकलास तर कर्नलसाहेबांपाशी शब्द टाकतो, कारखान्यातून सुटका करून तुला इथं मेंढरांवर घेतो.

लढाईच्या दिवसांत कारखाना आपल्या मनानं सोडता येत नसे. दुसरी वाट नव्हती.

आई ऐकून चिडली. "माहेरी काय सांगू मी? फॅक्टरीतून काढून मेंढरं राखायला लावले म्हणून?"

"काढलं कोठं? मीच निघून राहिलो."

"काहून पण? लागलेली नोकरी हाय."

बाबांनी घमेल्यातला पाय उचलून तिच्यापुढे धरला. "हे पाय आनखी किती वर्सं उभे राहतीन, तूच सांग."

आईनं पाय पदरानं पुसला. बराच वेळ पुसत होती. मग म्हणाली, "तर मग जिंका."

शर्यत अशी. माणसानं एका खुंट्यापाशी उभं राहायचं. लांबवर पाच मेंढ्या सोडलेल्या. कुत्र्यानं मालकाची शिटी ऐकत त्यांना वळवून आणायचं, दोन फाटकांतून काढायचं आणि खुंट्याशेजारच्या मेंढवाड्यात घालायचं. मेंढ्या आत जाण्याआधी माणसानं खुंटा सोडला की बाद.

चिंतामणीमामाला मजा वाटत होती. "जवाईबापू, कुत्री विलायती. तुमचं वऱ्हाडी तिला समजते का?"

"तुमच्यापेक्षा बरं समजते," बाबा म्हणाले.

आणि खरंच, मैना शिकली होती. शिकायचे होते ते बाबा. मेंढ्या जवळ आल्या की त्यांचे पाय आपोआप पुढे निघत. मेजर खुर्चीतून ओरडे, "गणपत, खड़ा रहो!" शेवटी बाबाच म्हणाले, "साहब, पाँव बाँध दो." मग सरावाला डावा पाय दोरीनं खुंट्याला बांधायचे. आठवडाभर घणापुढे उभं राहायचं आणि त्यातून सुटण्यासाठी रविवारीही उभंच राहायचं. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटतं.

शर्यतीच्या दिवशी ते रात्रपाळी करून थेट मैदानावर आले. सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. नळावर तोंड धुतलं आणि आईनं आणलेला पटका बांधला. दोरी अर्थात चालणार नव्हती.

दोन साहेबांची कुत्री आधी झाली. एकानं मेंढ्या थेट रस्त्यावर घातल्या, दुसऱ्याचं एक फाटक चुकलं. मग मैना. ती पोट जमिनीला लावून अशी गेली की बाजूचे शिपाई बोलायचे थांबले. पहिलं फाटक झालं, दुसरं झालं. मेंढ्या मेंढवाड्याच्या तोंडाशी आल्या आणि थांबल्या. पुढची पाय आपटत मैनेकडे बघत होती. करायचं काहीच नव्हतं. उभं राहायचं आणि हळूच एक शिटी द्यायची.

बाबा झोपेनं जागच्या जागी झुलत होते. माझ्या शेजारी आई पुटपुटत होती, "उभे राहा. उभे राहा जी."

बाबांनी शिटी खिशात घातली. मेंढ्यांकडे पाठ केली, काठी खांद्यावर आडवी टाकली, हाळी दिली आणि ते मेंढवाड्यात चालत गेले.

कथेत मेंढ्या त्यांच्या मागं गेल्या असत्या. इथं नाही गेल्या. ठेकेदारानं कुठून कुठून विकत आणलेल्या मेंढ्या, त्यांना ही हाळी काय ठाऊक. दचकून चहूकडे उधळल्या, एक तर मडमांच्या चहाच्या तंबूत शिरली. मैनेनं एकटीनं त्या पुन्हा गोळा केल्या, पण तोवर लाल निशाण पडलं होतं.

मेजर रागावला नाही. "बस खड़ा रहना था, गणपत."

"हाँ साहब."

बाबा तिथंच झाडाखाली आडवे झाले. मामा काही बोलायला गेला तेव्हा आई म्हणाली, "दादा, आज नको."

उन्हं उतरल्यावर आम्ही निघालो. वाटेत बाबांनी आईला विचारलं, "माझ्या मागं आल्याच नाही का त्या?"

"नाही आल्या."

"मले वाटून राहिलं होतं, येऊन राहिल्या. आत पोचेस्तोवर वाटून राहिलं होतं."

दुसऱ्या सकाळी भोंगा झाला आणि ते घणावर गेले. मेजरची बदली झाली, मैना त्याच्याबरोबर गेली. पुढे चीनचं युद्ध झालं, पाकिस्तानची झाली, प्रत्येक वेळी पाळ्या वाढल्या आणि बाबा उभे राहिले. निवृत्त झाले तेव्हा पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या.

मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते आणि आम्ही जबलपुरातच गढ्याला राहत होतो. संध्याकाळी ते मला घेऊन फिरायला निघत. हळू चालायचे, पण पुढे तेच. दिवसभर वर्गात उभं राहून माझेही पाय भरून आलेले असत. मी मागं पडले तरी ते वळून पाहत नसत. फक्त विचारत, "येऊन राहिली ना?"

"येऊन राहिले, बाबा," मी म्हणायची, आणि पाय उचलायची.