बाळंतिणीचा खजूर

खजूर निवडण्यात माझा हात धरणारं पोशीरमध्ये कुणी नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचे. नेरळच्या बाजारात दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडेपर्यंत एकेक खजूर दाबायचे, वास घ्यायचे, दोन-चार उकलून आत अळी नाही ना ते बघायचे. सुनेला आई नाही, म्हणून तिचं बाळंतपण आमच्याच घरी झालं. तिच्या लाडवांसाठी महिनाभर आधीच खजूर आणून डब्यात भरून ठेवला होता.

डबा उघडला तर खजुरावर पांढुरकं काहीतरी. जुन्या खजुरावर साखर फुटते, हे मला ठाऊक. बिया काढल्या, तुपात परतला, तळलेला डिंक घातला, लाडू वळले. चार दिवस सून रोज एक लाडू खात होती आणि बारा दिवसांचं बाळ तिच्या अंगावर पीत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी तांदूळ काढायला पिंप उघडलं. बोटांना पांढरी पूड लागली आणि मला खजुरावरचं ते पांढुरकं आठवलं. तांदळाला किडे लागू नयेत म्हणून आम्ही बोरीक पावडर चोळतो, आणि शिजवताना तो चार पाण्यांनी धुतो. ज्या परातीत पावडर चोळली, ती नुसती फडक्यानं पुसून मी तिच्यातच खजूर निवडून डब्यात भरला होता. आणि खजूर कोण धुतो?

डब्यात उरलेला एक खजूर चाटून पाहिला. गोडच लागणार, खजूर तो! साखर की पावडर, काही कळेना. आत बाळ शिंकलं तरी मी उठून दारापर्यंत जात होते. गप्प बसावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण बाळाचं काही झालं तर, या भीतीपुढे लाज टिकली नाही.

"अगं, लाडू नको खाव गं. माज्याकडून चूक झाली हाय."

सगळं ऐकून ती रडली नाही की ओरडली नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळत म्हणाली, "आई, पयलं डॉक्टरकडं चला."

कर्जत येईपर्यंत रिक्षात मी बाळाच्या छातीवरून नजर हलवली नाही. डॉक्टरांनी दोघांना तपासलं. आत्ता तरी ठीक आहे, लाडू बंद करा, दोन दिवस लक्ष ठेवा, म्हणाले. ते दोन दिवस मी काय खाल्लं, कधी झोपले, काही आठवत नाही.

बाळ आता रांगतं. मी पुन्हा खजूर आणते, लाडू करते. सून मला एका शब्दानं कधी बोलली नाही. फक्त पहिला लाडू मी तिच्यादेखत खाईपर्यंत तिचा हात ताटाकडे येत नाही.