साडूपेक्षा दोन बोटं खाली

आमच्या सासरवाडीत जावयाची गाडी जमिनीला जितकी जवळ, तितका जावई मोठा. हा नियम कुणी केला ते मला ठाऊक नाही, पण माझा साडू दत्ता त्यात बसत होता आणि मी बसत नव्हतो, एवढं मला पक्कं कळलं होतं.

खरं तर लाल गाडी आधी मी घेतली. आष्टीत माझं खत-बियाणांचं दुकान आहे. युरिया मागायला आलेले लोक आधी गाडीला हात लावून बघायचे, मग युरिया मागायचे. हे सुख मी जेमतेम भोगतोय तोच सिरसाळ्याच्या दत्तानं तीच गाडी घेतली, तीही लालच. त्याचा कापसाचा व्यापार. मी ते सोसलं. (सोसलं म्हणजे घरात दत्ताचं नाव निघालं की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.)

मग आमच्या मेहुण्याचं, बाळूचं लग्न ठरलं. सुपारी फुटली त्या दिवशी सासऱ्यांच्या अंगणात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. बाळू एकदा इकडं बघे, एकदा तिकडं.

"दाजी, तुमची गाडी शेळीवानी उभी ऱ्हाती," तो म्हणाला. "दत्ता दाजींची बघा, कशी दबा धरून बसलीया."

"दोन्ही गाड्या एकच तर हायत."

"न्हाई. त्यांनी स्प्रिंगा बदलल्या असत्याल. शहरातली पोरं आखूड स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवत्यात. माझ्या परण्याला हीच गाडी घ्यायची, ठरलं."

परण्या म्हणजे नवरदेवानं मारुतीचं दर्शन घेऊन वाजतगाजत मांडवात जायचं. त्याला गाडी थोरल्या जावयाची असते. थोरला जावई मी. तो मान धाकट्याकडे चालला होता, आणि कशामुळं, तर स्प्रिंगांमुळं! माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते चहानं थांबेना.

सगळे आत बसले असताना मी दत्ताच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो आणि चाक नि वरचा पत्रा यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. माझ्या गाडीत अख्खा पंजा आडवा जायचा. इथं तीन बोटं, तीही अडकत. तेवढ्यात सासूबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"जावईबापू, काय हारपलं का?"

"घड्याळ, मामी."

"ते तर हातात हाय."

"मग सापडलं," मी म्हणालो आणि उठलो.

दुसऱ्याच दिवशी मी नगरला गेलो. गाडीच्या सामानाचा दुकानदार समजूतदार निघाला, म्हणजे माझ्या उपयोगाचा नव्हता.

"नुसत्या स्प्रिंगा टाकल्या तर जुने शॉकअप लवकर जातील," तो म्हणाला. "त्यांच्या जोडीला आखूड आणि कडक शॉकअप घ्या."

"घेतले."

"आता किती खाली करायची ते बघू. ही स्प्रिंग रोजच्या वापराची, थोडीच खाली बसते. ही त्याहून खाली, पण मागं माणसं बसली की टेकते. आणि ही तिसरी शर्यतीवाल्यांची. तुमच्याकडं रस्ते कसे आहेत? घरात माणसं किती?"

मी त्याच्यासमोर एक बोट आडवं धरलं. "चाकाच्या वर एवढी जागा राहिली पाहिजे. साडूची तीन बोटं हाय."

त्यानं माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फळीवरून तिसरी स्प्रिंग उतरवली.

घरी आल्यावर आईनं दार उघडून आत डोकावून विचारलं, "आरं, हिच्यात बसायचं का उतरायचं?" बायको एक चक्कर मारून आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"आवं, मणका न् मणका वाजला माझा."

"कडक शॉकअप हायत. वळणावर गाडी डोलत न्हाई."

"घरापासून दुकानापर्यंत वळण हाय कुठं?"

पण सासरवाडीला गेल्यावर बाळूनं गाडी बघितली आणि लगेच म्हणाला, "दाजी, आता तुमचीच." मी हळूच दत्ताकडे पाहिलं. तो जळायला हवा होता. तो म्हणाला, "लई झ्याक झाली, दादा," आणि स्वतःच्या रुमालानं माझ्या काचेवरची धूळ पुसली. माणसानं इतकं मोठ्या मनाचं असू नये. मला तर ते ढोंगच वाटलं.

लग्न सासऱ्यांच्या गावातच, गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात होतं. मारुतीपाशी बाशिंग बांधलेला बाळू माझ्या शेजारी बसला. मागं कलश घेऊन करवली, तिच्या शेजारी बाळूच्या आत्याबाई (या एकट्याच दोघींच्या जागेत बसतात), डिक्कीत नारळाचं पोतं. गाडी आणखी खाली गेली. बाळू खूश झाला. पुढं बँड, मागं दत्ताची गाडी, मध्ये मी. आयुष्यात इतकं ताठ मी कधीच बसलो नव्हतो.

आणि मग सासऱ्यांची पाईपलाईन आली. विहिरीचं पाणी पलीकडच्या रानात न्यायला त्यांनी रस्त्यातून पाईप नेला होता आणि तो फुटू नये म्हणून त्यावर सिमेंटचा चांगला जाड उंचवटा घालून घेतला होता. येताना मी अलीकडंच बायकोला उतरवून, गाडी तिरपी घेऊन, देवाचं नाव घेत तो ओलांडला होता. आता बायकोच्या जागी आत्याबाई होत्या. पुढची चाकं पलीकडं गेली, गाडीचं पोट उंचवट्यावर बसलं आणि पुढची चाकं नुसती जागेवर फिरू लागली.

"उतरा सगळे," मी म्हणालो.

"बाळू न्हाई उतरायचा," आत्याबाई म्हणाल्या. "बाशिंग बांधल्यावर मांडवापतूर भुईला पाय लावायचा नस्तो."

त्या उतरल्या, करवली उतरली, नारळ उतरले. बाळू तसाच आत. पोरांनी मागून गाडी उचलून पाहिली, पण ती निघेना. बँडवाल्यांना वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत असावी. त्यांनी लय वाढवली. सगळ्या गावाच्या हातात मोबाइल होते. शेवटी मित्रांनी बाळूला खांद्यावर घेतलं आणि थेट दत्ताच्या गाडीत ठेवलं. ती माझ्या गाडीला वळसा घालून त्याच उंचवट्याच्या मोकळ्या टोकावरून अलगद निघून गेली.

दत्ता नवरदेवाला पोचवून माझी गाडी काढायला परत आला. मी विचारलं, "तुमची इतकी खाली गाडी, तरी टेकली कशी न्हाई?"

"माझी कुठं खाली हाय, दादा? कंपनीच्याच स्प्रिंगा हायत."

"सुपारीच्या दिवशी तीन बोटं होती. मी मोजलीत."

तो जरा घुटमळला. "त्या दिशी डिक्कीत तुरीच्या गोण्या व्हत्या. मामांनी दिल्या. म्हनले, थोरल्यांना कळू देऊ नको, वाईट वाटंल."

गाडी उंचवट्यावर अडकली होती, मान गेला होता, हसून हसून गावाला खोकला लागला होता. पण माझा भडका उडाला तो तुरीनं. इतकी वर्षं मी या घरचा थोरला जावई आहे आणि मला आजवर नुसतं तुरीचं वरण मिळालंय, तेही ताटात.

संध्याकाळी सासऱ्यांनी बहुधा माझा चेहरा वाचला. "तुमालाबी दोन गोण्या घ्या," ते म्हणाले. मी धावतच डिक्की उघडली. पहिली गोणी ठेवताच मागचं चाक पत्र्याला घासलं. दुसरी ठेवायला गडी पुढं आला आणि स्वतःच मागं सरला.

"तूर तरी न्या, न्हाईतर मला तरी," बायको म्हणाली.

"ताई, दोन्ही माझ्या गाडीत येऊ द्या," दत्ता म्हणाला. त्याचं सिरसाळं आष्टीच्या बरोबर उलट्या दिशेला. तरी निघाला, चेहऱ्यावर आठी नाही.

तर पुढं दत्ता, त्याच्या गाडीत माझी बायको, माझी तूर. मागं मी एकटा, खड्डे चुकवत. आणि माझ्या तुरीच्या वजनानं त्याची गाडी मागून इतकी सुरेख बसली होती, की सगळं कारण ठाऊक असूनही मी आष्टी येईपर्यंत जळत होतो.