ग्राफिक्स कार्ड आणि पापडीच्या लग्नाची सीडी

आमच्या पापडी गावात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो, तेव्हा मी कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि मला शिंगंच फुटली. दुकानदाराने बजावलं होतं, "भाऊ, थ्रीडी इफेक्ट स्क्रीनवर पळतील. पण तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये फायनल व्हिडिओ प्रोसेसरच बनवणार, कार्ड नाही. फोटोच्या कामाला तर काहीच फरक नाही."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. माझा स्वभावच तसा, कोणाचं ऐकेन तर शपथ.

त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतल्या मुलीचं लग्न झालं, शूटिंग माझंच. तिचे पपा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. चर्च हाकेच्या अंतरावर, तरी त्यांना नेता आलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली.

"दादा, डॉक्टर म्हणतात थोडेच दिवस आहेत. पपांना लग्न बघायचंय. लवकर द्याल ना?"

"परवा देतो. नवीन कार्ड घातलंय, काळजी सोड."

मग बसलो सजवायला. बाप एकदाच बघणार, तर कमी कशाला करा? वहीच्या पानासारखी उलटणारी दृश्यं, चर्चवर गुलाबाच्या पाकळ्या, बदामात गरगर फिरणारे नवरानवरी. स्क्रीनवर सगळं कसं सुरळीत पळत होतं. वा रे पठ्ठ्या, म्हणत मीच माझी पाठ थोपटली. फायनलचं बटण दाबलं मात्र, आणि तासाभरात जेमतेम एक टक्का काम झालं. कार्ड आपलं गार बसलेलं, सगळा भार प्रोसेसरवर. त्यात लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

इफेक्ट काढून टाकावेत हे सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण स्वतःची एवढी कलाकारी काढवेना. आज त्याची फार लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी ती आली, चौथ्या दिवशीही आली. "होतंय गं," एवढंच मी सांगत राहिलो. नंतर नंतर तर चिडूनच सांगायला लागलो. पाचव्या दिवशी सकाळी चर्चची मयताची घंटा वाजली. कोण गेलं ते मला विचारावं लागलं नाही. कॉम्प्युटर तेव्हाही चालूच होता.

दफनानंतर दोन दिवसांनी सीडी घेऊन गेलो. तिच्या आईने चहा दिला. "काय करनार, देवाची मर्जी," म्हणाली. मुलीने सीडी कपाटावर ठेवली आणि हळूच विचारलं, "दादा, कॅमेरा तसाच आमच्या टीव्हीला लावून पपांना दाखवता आलं असतं का हो?"

दोन मिनिटांचं काम होतं. त्याची वायर माझ्या बॅगेत कायम असायची.

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "मग तुमचा तरी काय दोष, दादा."