एजन्सीला वारस

आमच्या ह्यांना तेल सोडून दुसरं काही सुचलं असेल तर शपथ! सगळ्या भागातले गॅरेजवाले, ट्रकवाले, कारखानेवाले इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल आमच्याच गोदामातून नेतात. लग्नात ह्यांनी चांगलं अत्तर लावलं होतं, तरी मला ग्रीसचाच वास आला.

उघड्यावरची पिंपं हे कधी उभी ठेवत नाहीत. झाकणावर पाणी साचून आत झिरपतं म्हणून. भरलेलं पिंप आडवं करायला दोघं लागतात, एकाने ढकलायचं, दुसऱ्याने तोलायचं. हमाल असतानाही लेक शाळेतून आली की हाक तिलाच. आता ती बोटीवर इंजिनं सांभाळते. ती गेल्यापासून पिंपं हमाल आडवी करतात आणि हे त्यांची उणीदुणी काढत बसतात.

यंदा तेल कंपनीने बजावलं, तुमच्यानंतर कोण ते सांगा, नाहीतर एजन्सी दुसऱ्याला देऊ. नेमकी तेव्हाच लेक सुट्टीवर आली. ह्यांनी ऑफिसातली आपल्या शेजारची खुर्ची स्वतः पुसली. मी काय आंधळी आहे?

तिलाही कळत होतंच. जेवताना म्हणाली, "बाबा, मी राहते. माझं नाव कळवा."

माझा घास हातातच राहिला. जीव लावून ज्याची वाट पाहिली, ते आपणहून दारात आलं होतं. ह्यांनी मात्र विचारलं, तुझं इंजिन सध्या कोण बघतंय? झालं, बदली माणसाचा विषय निघाला आणि बाईसाहेब सुटल्या. तो फिल्टर वेळेवर बदलत नाही, तेल तपासत नाही, इंजिनाचा आवाज बदलला तरी त्याला पत्ता नसतो. जेवण गार झालं तरी तिचं संपेना. हे डोळे भरून तिच्याकडे बघत होते.

मग म्हणाले, "त्याच्याच्याने नाही व्हायचं. तू जा."

ती रडली. हे हात धुवायला उठले आणि बराच वेळ नळ सोडून तसेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवलं, माझ्यानंतर कुणी नाही.

लोक ह्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक करतात. असेल बाई मोठं. माझं नाही. बापलेकीने जेवता जेवता सगळं ठरवून टाकलं, मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी म्हणाले असते, राहा गं.