पिलूखालची विहीर

माझी जीभ लहानपणापासून फटकळ. आई म्हणायची, या पोरीचं सासरी कसं व्हायचं! सासरी माझं काहीच वाईट झालं नाही. झालं ते दुसऱ्याचं.

माझं माहेर सोनाळ्याचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिथल्या विहिरींचं पाणी गोड. आणि मला दिली कुठे, तर पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात, जिथं विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही की साबणाला फेस येत नाही. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा; तिथल्या कुण्या साहेबानं आमचं पाणी कधी चाखलं असेल असं वाटत नाही. प्यायचं पाणी आम्ही बाया नदीच्या वाळूत झिरा उकरून आणायचो. त्यात अर्धी सकाळ जायची आणि मान मोडायची. मी रोज गावाच्या नावानं बोटं मोडत चालायची.

वाटेवर आमच्याच वावरात एक पिलूचं झाड होतं. चैत्रात सगळं रान करपलं तरी हे हिरवंगार. माहेरी आम्ही उन्हाळ्यात हिरवा उंबर पाहून विहीर खणायचो आणि पाणी गोडंच लागायचं. मला वाटलं, उंबराचं जे तेच पिलूचं. झालं! मी नवऱ्याच्या डोक्यात भरवलं, नवऱ्यानं सासऱ्यांच्या. झाड तोडून तिथंच विहीर खणायची ठरली.

गावात एक म्हातारे पिंजारी होते. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत. लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे, आणि दर जुम्म्याला या पिलूचं एखादं मूळ काढून मशिदीत सगळ्यांना दातवणं वाटायचे. मूळ काढायची त्यांची रीत होती. एका बाजूचं एकच, बोटाएवढं जाड. मग माती लोटून पायानं दाबायची. पुढच्या जुम्म्याला दुसरी बाजू.

तोडायच्या दिवशी ते आले. सासरे, नवरा आणि चार शेजारी होते. मी भाकरी घेऊन गेले होते. चाचांनी परोपरीनं सांगितलं की हे झाड खारं पाणी पिऊनच जगतं, खाली गोडं पाणी असतं तर इथं आणखी चार झाडं दिसली असती. कुणी ऐकेना, तसं त्यांनी एक पान तोडून माझ्या हातावर ठेवलं.

"चावून पाह्य, सूनबाई."

मी चावलं. पान खारट होतं. मी थुंकले. मला तिथंच कळलं होतं, हे आज कबूल करते. पण चार माणसांत माघार घ्यायची म्हणजे! सासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडू नये, तरी मी उघडलं.

"चाचाले आपल्या दातुनाची पडली हाये. बाया पाण्यापायी मरून राह्यल्या, त्याचं काय?"

चाचा खाली मान घालून निघून गेले. मग कुऱ्हाड पडली.

महिनाभर खणल्यावर पाणी लागलं. सासऱ्यांनी पहिली ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. गावातल्या विहिरीपेक्षाही खारट! मला कुणी चकार शब्दानं बोललं नाही. बोल लागला तो चाचांना. माझं वाक्य तोवर गावभर झालं होतं. मतलबापायी गावाच्या पाण्याआड येणारा माणूस, असं लोक म्हणू लागले. कुणी म्हणे, त्यांच्याच बद्दुआनं पाणी खारं झालं. थंडी आली तेव्हा गाद्या पिंजायला लोकांनी दुसऱ्या गावचा पिंजारी बोलावला. चाचांची कापूस पिंजायची धनुकली भिंतीलाच टांगलेली राहिली.

पान मी चावलं होतं आणि ते खारट होतं, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. भांडायला एवढी तिखट मी, आणि खरं बोलायच्या वेळी दातखीळ बसली. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

मग एक दिवस कळलं की चाचा लेकीकडे, बीबी नावाच्या गावाला, कायमचे निघालेत. माझा जीव थाऱ्यावर राहीना. जुन्या रजईचं निमित्त करून गेले. काय बोलायचं ते वाटेत दहादा घोकलं. चाचा ओसरीवर बोचकं बांधत होते. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "बरं झालं तू आली. त्या दिवशी तू खोटं नव्हती बोलली, बाई. पाणी खारं हाये हे मले ठाऊक होतं. पण पहिले जीव तुटला तो दातुनासाठीच. मनात मतलब होता माह्या. तुले वाईट वाटलं असंन तर माफ कर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तरी बोल, सटवे, असं मी मनात स्वतःला म्हणत होते. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"केलं माफ," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. मला बसायला सांगून ते बोचक्याची गाठ मारू लागले.