नारळाचं पाणी आणि एकेचाळीस फोटो

निहार, सई,

पुढच्या महिन्यात मी दुकान बंद करते आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीचं बारीक काम आता डोळ्यांना झेपत नाही. सईने मागे फोनवर विचारलं होतं, "आजी, तू दिवसभर नक्की काय करतेस?" मी कंटाळून म्हणाले होते, "स्क्रू फिरवते." उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. ड्रॉवर आवरताना एक मेलेली हार्ड डिस्क हाताला लागली. टाकून देण्याआधी तिची हकिकत तुमच्यासाठी लिहून ठेवते. तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून वाक्यं लहान ठेवली आहेत.

दसरा होऊन गेला होता. गुरुवारी दुपारी मिसाळ बाई आणि त्यांचे यजमान नाना दुकानात आले. बाई खर्ड्याच्या पुढे एका वाडीवरच्या शाळेत शिक्षिका. नाना शेती करतात. एसटीने नगरला आले होते. शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण एसटीतून उतरणारा माणूस अजून नगरलाच उतरतो. नानांच्या खांद्यावर सतरंजीत बांधलेली कॉम्प्युटरची पेटी होती.

"काय झालं याला?"

"लाइट गेली, तेव्हापासून चालूच होत नाही," बाई म्हणाल्या. नाना छताच्या पंख्याकडे बघत होते.

"कुणी उघडलाय?"

"जामखेडला एकाला दाखवला. तो म्हणाला, फॉरमॅट मारून देतो. मी पेटी उचलून परत आणली."

फॉरमॅट मारणं म्हणजे डिस्क पुसून कोरी करणं. कॉम्प्युटर नवा होतो, आतलं सगळं जातं. एखाद्याला घर झाडायला बोलवावं आणि त्याने सामान बाहेर फेकावं, तसं. बाईंनी योग्य वेळी पेटी उचलली. पण खरं सांगते, मला त्या दिवशी हे काम नको होतं. मी म्हटलं, पुण्यात मोठ्या लॅब आहेत, तिकडे पाठवा, पंधरा दिवसांत होईल.

"रविवारी गाड्या भरणार," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या भागातली निम्मी घरं दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात. प्रत्येक टोळीचा एक मुकादम असतो. तो ट्रक आणतो, माणसं, भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं भरतो आणि दूरच्या साखर कारखान्यावर नेतो. पाच-सहा महिने मुक्काम तिथेच, उसाच्या पाचटाच्या खोपीत. बाई निघण्याआधी प्रत्येक मुलाच्या हातात एक चिठ्ठी देतात. नाव, इयत्ता, मुकादम कोण, कारखाना कुठला, वाचता कुठपर्यंत येतं. तिथल्या शाळेचे शिक्षक चिठ्ठी बघून मुलाला योग्य वर्गात बसवतात. चिठ्ठी नसेल तर मूल खोपीत राहतं आणि धाकट्या भावंडाला सांभाळतं. मग वर्ष गेलंच. मुलं एकेचाळीस होती. यादी घरच्या कॉम्प्युटरमध्ये होती, चिठ्ठ्या छापायच्या राहिल्या होत्या.

"तुमचीच मुलं ना? तोंडपाठ नाहीत?"

"मुलं पाठ आहेत, मॅडम. कोण कोणाच्या गाडीत, हे दरवर्षी बदलतं. चुकीच्या कारखान्याची चिठ्ठी दिली तर ती नसल्यासारखीच."

"दुसरी कॉपी? मोबाईल? पेन ड्राइव्ह?"

"मोबाईल भरला होता, म्हणून यादी, मुलांचे फोटो, सगळं कॉम्प्युटरवर घेऊन तिथलं पुसलं. पेन ड्राइव्ह आहे एक. त्यात यांची ट्रॅक्टरमधली गाणी आहेत."

मी पेटी उघडली.

धूळ असतेच. इथे धुळीवर कुंकू होतं. पंख्याच्या पात्यांवर हळद होती. खालचा पत्रा चिकट लागला, आणि एका वायरवरून मुंग्या ओळीने वर चढत होत्या. लाइट गेल्याने मुंग्या येत नाहीत. मी चष्मा काढला आणि नानांकडे पाहिलं.

"नाना, खंडेनवमीला पूजा केली का याची?"

"केली की. समद्या हत्यारांची करतो. ट्रॅक्टर, मोटार, कोयता. याला कशाला उपाशी ठिवायचं?"

"नारळ फोडला?"

नानांनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं. बाईंची मान हळूच वळली.

"लई न्हाई, म्याडम. एकच."

"ट्रॅक्टरचा नारळ कुठे फोडता?"

"चाकापाशी."

"मग याचा?"

"याला चाक न्हाई. म्हणून वरच फोडला."

"मला म्हणालात, लाइट गेली!" बाई म्हणाल्या.

"गेलीच की. नारळ फोडला अन् गेली. घरातली समदीच गेली. म्या कुठं खोटं बोललो?"

चाळीस वर्षांत मी एक शिकले आहे. यंत्र बंद पडलं की माणूस आधी विजेवर ढकलतो. त्याचा राग धरून उपयोग नसतो.

आता दुरुस्तीचं सांगते. वरच्या जाळीतून पाणी पॉवर सप्लायमध्ये गेलं होतं. हा भाग घरातली वीज कॉम्प्युटरला सोसेल एवढी करून देतो. पाण्याने तो बिघडला आणि त्याने एकदम जास्त वीज सोडली. हार्ड डिस्कच्या हिरव्या पट्टीवर तिळाएवढा एक भाग असतो. जास्त वीज आली की ती तो स्वतःवर घेतो आणि जळतो, म्हणजे पुढचं वाचतं. इथे तो जळला होता. जळलेला भाग वीज अडवून धरतो, म्हणून डिस्क फिरत नव्हती. मी पट्टी साफ केली, भिंगाखाली तो तीळ सोल्डरिंग गनने काढला आणि डिस्क माझ्या टेबलावरच्या चांगल्या पॉवर सप्लायला जोडली. ती फिरली. नानांनी टेबलाला हात लावून नमस्कार केला. मी म्हटलं, "नमस्कार चालेल, बाकी काही नको."

अशा डिस्कवरच्या फाइली लगेच उघडायच्या नसतात. आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढायची, मग नकलेत शोधायचं. नक्कल चालू केली. मिसाळ मंडळी भिंगारला भाच्याकडे मुक्कामाला गेली.

शुक्रवारी दुपारी निम्म्याच्या पुढे वेग पडला. डिस्क कुरकुरायला लागली. तेव्हा ती थांबवून थंड होऊ द्यायला हवी होती. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहे. पण रविवार डोळ्यांपुढे होता, मी दमले होते, आणि मी ती चालू ठेवली. शेवटपर्यंत गेली, पण मध्ये एक पट्टा वाचता न येता सुटला. पुन्हा प्रयत्न केला तर डिस्क फिरलीच नाही. तीच ही ड्रॉवरमधली.

शनिवारी सकाळी दोघं आले. मी नक्कल उघडली. यादीची फाइल होती, नाव बरोबर होतं. आत सगळे चौकोन आणि चिन्हं. यादी त्या सुटलेल्या पट्ट्यात होती.

मी बाईंना सांगितलं, "काल मी डिस्क थांबवली असती तर कदाचित वाचली असती. चूक माझी."

बाई म्हणाल्या, "राहू द्या. या आठवड्यात सगळेच कबूल करतायत."

नाना बाहेर पायरीवर जाऊन बसले.

यादीच्या शेजारी फोटोंचा फोल्डर होता. बाई आधी म्हणाल्या होत्या, फोटो नाही मिळाले तरी चालेल. पण रिकाम्या हाताने पाठवणं माझ्याने झालं नाही. मी पहिला उघडला. शाळेच्या भिंतीला टेकून एक मुलगा. छातीशी पाटी.

"पाटीवर काय लिहिलंय?"

"ते काही नाही. जाण्याआधी मी लिहायला लावते, अक्षर बघायला. नाव लिही, मुकादमाचं नाव लिही, कारखाना लिही..." बाई थांबल्या. "मॅडम, मोठा करा."

मी मोठा केला. शब्द वाकडे होते, पण सगळे होते. आणि ते मुलाने स्वतः लिहिले होते, त्यामुळे त्याला कुठपर्यंत येतं हे वेगळं विचारायलाच नको.

मी वही घेतली. बाई वाचत गेल्या, मी रकाने आखून लिहीत गेले. तासाभरात अडतीस झाले. उरलेले तीन फोटो अर्धेच वाचले होते. वर चेहरा, खाली करडा पट्टा. पाटी नेमकी पट्ट्यात. चेहरे बाईंनी ओळखले, गाडी कोणाची ते आठवेना.

"अहो, आत या," त्यांनी हाक मारली.

नाना चप्पल काढून आले. चष्मा नव्हता, स्क्रीनला नाक लावून बघू लागले.

"हा तर आश्रूबाचा. त्यो औंदा मेव्हण्याच्या टोळीत चाललाय. म्याच त्येंचं सामान ट्रॅक्टरनं मेव्हण्याच्या दारी टाकलं की. अन् ह्या दोघी जावाजावांच्या पोरी. एकाच गाडीत. हिला ट्रकच्या टपावर बसवा म्हनून आत्तापास्नंच रडत हुती."

"गाडी कोणाची? कारखाना?"

नानांनी तिन्हींचे मुकादम आणि कारखाने सांगितले. एकदाही अडखळले नाहीत. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. "एवढं ठाऊक होतं, तर परवापासून बोलला का नाहीत?"

"तुमी ईचारलं कुठं? नारळाचंच चाललं हुतं."

दुपारी मी यादी टाइप केली, चिठ्ठ्या छापल्या, कापल्या. संध्याकाळच्या एसटीने दोघं गेले. रविवारी गाड्या भरायच्या आत बाईंनी एकेचाळीस चिठ्ठ्या एकेचाळीस हातांत दिल्या.

मार्गशीर्षात त्यांचा फोन आला. एकोणतीस मुलं तिकडच्या शाळेत बसली होती. बारा नाही. चिठ्ठी असली तरी धाकटं भावंड असतंच. बाईंनी हे अगदी शांतपणे सांगितलं. त्यांना सवय आहे.

धडा तुम्हाला माहीतच आहे. एका जागी ठेवलेली वस्तू ठेवलेली नसते, फक्त अजून हरवलेली नसते. हे मी आयुष्यभर लोकांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही. त्या शुक्रवारी मीही माझं ऐकलं नाही.

डिस्क उद्या भंगारात जाईल. यादी गेली ती गेलीच. एकेचाळीस फोटो मात्र तीन ठिकाणी आहेत. एक कॉपी बाईंच्या शाळेत, एक माझ्याकडे, आणि एक नानांच्या पेन ड्राइव्हमध्ये, गाण्यांच्या खाली. मागच्या आठवड्यात मी माझी कॉपी तपासली. सगळे उघडतात.