आमच्या प्रतिनिधीकडून

पेपरात शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे तिला ताई म्हणत. नगरपालिकेच्या बातम्या तिच्याकडे होत्या. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण तुटलंय असं कानावर आलं, तेव्हा ती स्वतः शिडी चढून गेली. आत मेलेली कबुतरं तरंगत होती. तिने फोटो काढले, अभियंत्याचं म्हणणं घेतलं, बातमी लिहून दिली. संपादकांनी ती दाबून ठेवली. टाकीच्या ठेकेदाराची पेपरात मोठी जाहिरात असायची. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं.

ताईने राजीनामा दिला. नवऱ्याने भाजी चिरता चिरता विचारलं, आता काय? तिने पुतणीकडून ब्लॉग सुरू करून घेतला आणि कबुतरांसकट सगळं लिहून टाकलं. जुने सहकारी हसले. ब्लॉग म्हणजे नळावरच्या गप्पा, असं एकाने तोंडावर सुनावलं.

"नळाला काय येतंय तेच तर लिहिलंय," ती म्हणाली.

घाईत एक चूक मात्र झाली होती. टाकीचं पाणी जुन्या बाजारात जातं असं तिने लिहिलं होतं; जात होतं दवाखान्याकडे. एका वाचकाने खाली तसं लिहिलं. तिने जाऊन शहानिशा केली आणि लेखाच्या अगदी वर चूक कबूल केली.

तोवर फोटो गावभर फिरले होते. गप्प बसणं पेपरला परवडेना. सकाळी पहिल्या पानावर बातमी झळकली. शब्द तिचे, फोटो तिचे, वर 'आमच्या प्रतिनिधीकडून'. जुन्या बाजाराची चूकही जशीच्या तशी.

ती तडक संपादकांच्या खोलीत गेली. ते जराही ओशाळले नाहीत. परत या, म्हणाले, फक्त तो ब्लॉग बंद करा.

"साहेब, चूक माझी होती, मी सुधारली. तुम्ही उचललीत, ती अजून तशीच आहे. खुलासा छापा, आणि त्यात माझ्या ब्लॉगचं नाव टाका."

"ब्लॉगचं नाव पेपरात? लोक हसतील."

"हसू देत. मी रोज पेपर विकत घेते, उद्याही घेईन. पण लिहीन माझ्याच जागी."

आतल्या पानात दोन ओळींचा खुलासा आला, नावाशिवाय. तिने तो ब्लॉगवर चढवला, शेजारी स्वतःचा लेख ठेवला, शेरा एकही मारला नाही.

टाकी धुतली गेली, नवं झाकण बसलं. मग ठेकेदाराचा माणूस बायकोला आवरा म्हणून सांगायला घरी आला. नवऱ्याने त्याला चहा दिला.

"ती घरी नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या टाकीवर गेलीय. संध्याकाळी या."